किल्लीतला परवलीचा शब्द

कुलूप हे सज्जनांसाठी असते, चोराला ते कधीच अडवीत नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. मोटारीच्या कुलपाबाबत हे म्हणणे बरीच वर्षे खरेही होते. एका फियाटची किल्ली शेजाऱ्याच्या फियाटला लागल्याच्या गोष्टी आमच्या पिढीने हसत हसत ऐकल्या आहेत. दोन तारा उघड्या करून एकमेकींस टेकवल्या की अँबॅसडरचे इंजिन चालू होते, हे ठाऊक असण्यास माणूस अट्टल चोर असावा लागत नसे. नाक्यावरचा कोणताही मिस्त्री ते करून दाखवी. गेल्या तीस वर्षांत मात्र मोटारीच्या किल्लीत असे एक यंत्र शिरले आहे की, तारा जोडून, कुलूप फोडून, इतकेच काय, किल्लीची हुबेहूब नक्कल करूनही इंजिन चालू होऊ नये. इंग्रजीत त्यास इमोबिलायझर म्हणतात. मराठीत त्याला अद्याप सुटसुटीत नाव मिळालेले नाही. ‘गतिरोधक’ म्हणावे तर रस्त्यावरचा उंचवटा डोळ्यांपुढे येतो. तेव्हा या लेखापुरता आम्ही इंग्रजी शब्दच चालवून घेतो.

मोटारीच्या किल्लीस पहिल्या पानावर जागा देण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. ते प्रयोजन मावळ तालुक्यात आहे. तळेगाव दाभाडे येथील औद्योगिक वसाहतीत २००८ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीचा कारखाना सुरू झाला. २०१७ च्या अखेरीस त्या कंपनीने भारतात मोटारी विकण्याचे थांबवले, २०२० च्या डिसेंबरात तळेगावचे उत्पादनही थांबले, आणि मागे राहिला तो कामगारांचा झगडा. २०२३ साली ह्युंदाई या कोरियन कंपनीने तो कारखाना घेण्याचा करार केला व २०२५ साली तेथून पुन्हा मोटारी बाहेर पडू लागल्या. योगायोग असा की, या दोन्ही मालकांचा मोटारीच्या कुलपाच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. किल्लीत विजेची खूण बसवण्याचा आरंभीचा मोठा प्रयत्न पहिल्याने केला. आणि तशी सोय न केल्यास काय अनर्थ ओढवतो, ते दुसऱ्याच्या अमेरिकेतील मोटारींनी साऱ्या जगास दाखवले. जेथे मोटारी जन्मास येतात त्या मुलखातील लोकांस तरी आपण कोणती वस्तू घडवीत आहोत हे ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते. शिवाय याच तालुक्यात लोणावळे आहे. पावसाळ्याच्या रविवारी तेथील रस्त्यांच्या कडेने मोटारींच्या रांगा लागतात व त्यांचे मालक घटका दोन घटका भुशीच्या पाण्यात असतात. आणि लोणावळ्यापासून तळेगावपर्यंतच्या प्रत्येक लहान स्थानकाबाहेर लोकल गाठण्यासाठी आलेल्या नोकरदारांच्या दुचाकी दिवसभर उभ्या असतात. त्यांच्याकडे शेवटी वळायचे आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. शाळेत विज्ञानाच्या तासास तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक पुढेमागे केला की तारेत वीज निर्माण होते, हा प्रयोग ज्यांनी पाहिला आहे त्यांस हे यंत्र समजण्यास कठीण नाही. फॅरडेने १८३१ साली दाखवलेले तत्त्व ते हेच. मोटारीच्या स्टिअरिंगजवळ जेथे आपण किल्ली खुपसतो त्या कुलपाभोवती तारेचे एक बारीक कडे बसवलेले असते. किल्ली फिरवताच त्या कड्यात सेकंदास सुमारे सव्वा लाख स्पंदने होतील अशी वीज खेळू लागते. किल्लीच्या प्लास्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा असा एक तुकडा दडवलेला असतो. त्यातही एक वेटोळे व एक चिप असते. या चिपला स्वतःची बॅटरी नसते. कड्यातील चुंबकीय लहरींवर तिचे वेटोळे पोसले जाते, आणि तेवढ्या उसन्या विजेवर ती क्षणभर जागी होऊन मोटारीशी बोलते. अंतर दोनचार बोटांहून अधिक झाले की संभाषण तुटते.

बोलते काय, हा खरा मुद्दा आहे. मोटार किल्लीस एक आकडा सांगते. तो दर वेळी निराळा असतो, आधी कोणास ठाऊक नसतो. चिपच्या पोटात एक गुप्त संख्या कायमची कोरलेली असते. ऐकलेला आकडा व ही गुप्त संख्या यांचे ठरावीक किचकट गणित करून चिप उत्तर पाठवते. तीच गुप्त संख्या मोटारीच्या यंत्रणेतही नोंदलेली असल्यामुळे ती तेच गणित स्वतः करून पाहते. दोन्ही उत्तरे जुळली तर इंजिनाचा कारभार पाहणाऱ्या संगणकास, म्हणजे ईसीयूला, मुभा मिळते. पेट्रोल सोडले जाते, ठिणगी पडते व इंजिन चालू होते. उत्तर चुकले तर स्टार्टर फिरत नाही, किंवा काही मोटारींत इंजिन क्षणभर घुरघुरून बंद पडते. हा सारा व्यवहार पापणी लवण्याच्या आत उरकतो, आणि त्याची दृश्य खूण म्हणजे डॅशबोर्डावरील किल्लीच्या चित्राचा तो लहानसा दिवा. तो लुकलुकत राहिला तर मोटारीने किल्ली ओळखली नाही असे समजावे. रस्त्याच्या कडेला किल्लीची पात घासून देणाऱ्याकडून करून आणलेली किल्ली दार उघडते आणि इंजिन मात्र चालू करीत नाही, याचे कारण हेच. त्याने शरीराची नक्कल केली. जिवाची नक्कल त्यास करता येत नाही.

मावळातील वाचकास हे समजावण्यास लोहगडाइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. गडावर जाताना गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. एक पडला तरी दुसरा उभा असतो. मोटारीसही दाराचे कुलूप, स्टिअरिंगचे कुलूप, किल्लीची खोबण आणि शेवटी इमोबिलायझर असे चार दरवाजे आहेत. पहिले तीन लोखंडाचे. ते बळाने फुटतात. चौथ्या दरवाजावर पहारेकरी परवलीचा शब्द विचारतो. परवलीचा शब्द नेहमी एकच असेल, तर झुडपाआड दडून ऐकणाराही दुसऱ्या रात्री तो उच्चारून आत येईल. आरंभीची यंत्रे अशीच भोळी होती. जनरल मोटर्सने १९८६ साली आपल्या कॉर्व्हेट मोटारीच्या किल्लीत विजेस अडथळा करणारी एक गोळी बसवली. निरनिराळ्या गोळ्यांचे प्रकार होते अवघे पंधरा. पंधरा किल्ल्या खिशात घेऊन फिरणाऱ्या चोरास तेथे धीर तेवढा हवा होता. पुढे चिप आल्या. त्याही प्रथम एकच ठरावीक आकडा उच्चारीत. दर वेळी नवा प्रश्न विचारून नवे उत्तर घेण्याची युक्ती त्यानंतरची आहे, आणि खरी ताकद तिच्यातच आहे. काल रात्रीचे उत्तर चोरून ऐकले तरी आजच्या प्रश्नास ते लागू पडत नाही.

येथे लोणावळ्याच्या पाहुण्यांस उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगून टाकतो. पाण्यात उतरताना किल्ली खिशातच राहते, बाहेर आल्यावर तिची बटणे दाबून दार उघडत नाही, आणि घाटमाथ्यावरच्या पावसात कुटुंबासह उभा असलेला गृहस्थ हवालदिल होतो. बटणांचे काम बॅटरीवर चालते व ते भिजून बंद पडू शकते. चिपचे काम बॅटरीवर चालत नाही, आणि ती बहुधा काचेत किंवा राळेत बंदिस्त असते. किल्लीच्या पात्याने दार उघडावे. इंजिन बहुतेक चालू होते. ज्या मोटारींत खोबण नसून बटण दाबून इंजिन चालू करायचे असते, त्यांतही मरगळलेली किल्ली बटणास टेकवून किंवा माहितीपुस्तकात दाखवलेल्या जागी ठेवून चालवण्याची सोय केलेली असते. कारण तेथेही तेच जुने वेटोळे दडलेले आहे. माहितीपुस्तकाचे ते पान घरी असतानाच वाचलेले बरे. परंतु किल्लीच जर टायगर पॉइंटच्या दरीत पडली, तर मोटार मालकासही चोरच समजते. दुसरी किल्ली पुण्यास वा मुंबईस कपाटात असली तर कोणी आणून देईपर्यंत वाट पाहावी. तीही नसली तर मोटार क्रेनवर चढवून नेण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

या यंत्राचा गुण अनुमानाने सांगण्याची गरज नाही. तो जगाने अनुभवला आहे. युरोपीय संघातील देशांत १९९८ च्या ऑक्टोबरपासून प्रत्येक नव्या मोटारीस इमोबिलायझर सक्तीचा झाला. नेदरलंड्समधील दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ ते २००८ या काळाचा हिशेब केला, तेव्हा या एका स्वस्त यंत्रामुळे तेथील मोटारचोरीचे प्रमाण सरासरीने सुमारे ४० टक्के घटल्याचे त्यांना आढळले. नव्या मोटारी सोडून जुन्यांकडे वळलेले चोर धरूनही हा आकडा निघाला आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. ऑस्ट्रेलियाने २००१ साली व कॅनडाने २००७ साली तोच मार्ग धरला. अमेरिकेने धरला नाही. ग्राहकाला हवे असेल ते ग्राहक मागेल, कारखानदाराला परवडेल ते कारखानदार देईल, सरकारने त्यात पडू नये, असा तेथील विचार. बहुतेक कारखानदारांनी आपण होऊन यंत्र बसवले. २०१५ साली इतर कंपन्यांच्या ९६ टक्के मोटारींत ते होते. ह्युंदाई आणि तिची सहकंपनी किया यांच्या मोटारींत मात्र ते अवघ्या २६ टक्क्यांत होते.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. २०२१ च्या सुमारास काही पोरांना हे गुपित कळले. स्टिअरिंगखालचे आवरण काढून मोटार कशी पळवावी याची चित्रे समाजमाध्यमांवर एकमेकांस दाखवण्यात आली, आणि शहराशहरांत या मोटारी चोरीस जाऊ लागल्या. ही चोरी बहुधा विकण्यासाठी नव्हती. घटकाभर बेफाम हाकून मोटार कोठेतरी आदळून द्यायची, एवढाच उद्योग. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकन सरकारच्या वाहतूक सुरक्षा खात्याने या प्रकारात १४ अपघात व ८ मृत्यू झाल्याची नोंद असल्याचे सांगितले, आणि सुमारे ८३ लाख मोटारींच्या संगणकांत सुधारणा करण्याचे कंपन्यांनी मान्य केले. सीमेपलीकडे कॅनडात त्याच कंपन्यांच्या मोटारींत कायद्याने यंत्र बसवलेले होते, त्यामुळे पोरांची ही युक्ती तेथे चालण्यासारखीच नव्हती. कंपनी तीच, अभियंते तेच. फरक एका कायद्याचा होता. ह्युंदाईच्या भारतीय मोटारींच्या माहितीपत्रकांत इमोबिलायझरचा उल्लेख आढळतो, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल. आमचा रोख एका कंपनीवर नाही. व्यापाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली सुरक्षितता ज्या ठिकाणी चार पैसे वाचतील तेथे प्रथम कापली जाते, हा सर्वत्रचा अनुभव आहे, आणि त्याचे इतके लख्ख उदाहरण क्वचितच मिळते.

तर मग इमोबिलायझर असला की निर्धास्त झोपावे काय? तसेही नाही. किल्ला फितुरीने गेला, हे वाक्य आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत आपण अनेकदा वाचतो. या चौथ्या दरवाजाचेही बव्हंशी तसेच आहे. मालकाची किल्ली हरवल्यास नवी नोंदवता यावी, म्हणून प्रत्येक मोटारीत तशी सोय ठेवावीच लागते. डॅशबोर्डाखाली मिस्त्री आपले तपासणीचे यंत्र जोडतो ती खिडकी म्हणजे या सोयीचे दार. जे यंत्र अधिकृत कारागिराच्या हाती असते, त्याचे भाऊबंद चोरबाजारातही मिळतात. दिल्लीच्या पोलिसांनी वेळोवेळी पकडलेल्या टोळ्यांजवळ नव्या किल्ल्या नोंदवणारी अशी यंत्रे सापडलेली आहेत. चोर येथे कुलूप फोडीत नाही. तो पहारेकऱ्याच्या वहीत आपले नाव लिहितो.

दुसरी वाट किल्ली खिशातून न काढता चालणाऱ्या मोटारींची आहे. मालक जवळ आला की मोटार हाक मारते, किल्ली ओ देते व दार उघडते. या हाकेचा पल्ला हातभराचा असावा अशी योजना असते. परंतु एक चोर मोटारीपाशी व दुसरा बंगल्याच्या दारापाशी उभा राहून मोटारीची हाक आपल्या यंत्रांनी आत पोहोचवतो, आणि दारामागच्या खुंटीवर टांगलेली प्रामाणिक किल्ली तेथूनच ओ देते. झुरिच येथील संशोधकांनी २०११ सालीच हे करून दाखवले. लोणावळ्यात बंगला भाड्याने घेऊन उतरणाऱ्यांनी किल्ली दाराजवळ टांगू नये, हे ओघानेच आले. चिक्कीचा पत्र्याचा घट्ट झाकणाचा रिकामा डबा येथे उपयोगी पडावा. किल्ली त्यात घालून मोटारीजवळ जावे आणि दार उघडते का ते पाहावे. न उघडल्यास डबा कामाचा.

तिसरी वाट गणिताची. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ व आरएसए प्रयोगशाळा येथील संशोधकांनी २००५ साली एका फार खपणाऱ्या चिपचे गणित उलगडून दाखवले. तिच्या गुप्त संख्येचे एक लाख कोटींहून अधिक पर्याय संभवत होते. संगणकापुढे तेही थोडे पडले. २०१३ साली असाच आणखी एक शोध छापला जाणार होता; फोक्सवॅगन कंपनीने इंग्लंडच्या न्यायालयात जाऊन तो रोखला, आणि २०१५ साली एक वाक्य गाळून तो प्रसिद्ध झाला. त्या कंपनीचा कारखाना आपल्याच चाकणला असल्याने ही गोष्ट येथील वाचकांस परकी वाटू नये. कंपनीची भीती आम्ही समजू शकतो. रस्त्यावर धावणाऱ्या लाखो मोटारींची कुलपे एका रात्रीत बदलता येत नाहीत. तथापि कुलूप सुरक्षित राहण्यासाठी त्याची रचनाच गुप्त ठेवावी लागत असेल तर ते कुलूप कच्चे आहे, हे केर्कहॉफ्स या पंडिताने १८८३ साली सांगून ठेवले आहे. गडाचा नकाशा शत्रूला ठाऊक असो. परवलीचा शब्द कळता कामा नये. कंपन्यांनी नकाशा झाकण्यावर जितका खर्च केला तितका शब्द कठीण करण्यावर केला असता तर न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ आली नसती.

हे सर्व ध्यानात घेता मोटारीच्या मालकास एका गोष्टीचा हक्क असला पाहिजे असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्या मोटारीच्या वहीत किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत, हे त्यास केव्हाही पाहता आले पाहिजे, आणि हरवलेल्या किल्लीची नोंद खोडून घेता आली पाहिजे. घर विकत घेणारा मनुष्य पहिल्या दिवशी कुलूप बदलतो. जुनी मोटार घेणारा सुशिक्षित मनुष्य मात्र विक्रेत्याने हातात ठेवलेल्या दोन किल्ल्यांवर समाधान मानतो; तिसरी कोणाच्या खिशात आहे, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. बऱ्याच मोटारींत ही संख्या कंपनीच्या गॅरेजात पाहता येते. मग मोटार हाती देतानाच, आणि प्रत्येक हस्तांतराच्या वेळी, ती कागदावर लिहून देण्यास काय हरकत आहे? मोटार चोरीस गेली की विमा कंपन्या पहिल्या प्रथम दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. एक नसली की दाव्यास फाटे फुटतात. किल्ली मोटारीतच राहिली असेल तर भांडण आणखी वाढते. २०२३ साली अशाच एका मालमोटारीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला; ठिकाण विचारण्यासाठी उतरलेल्या चालकाने किल्ली आतच ठेवली होती. न्यायालयाने विमा कंपनीचा पूर्ण नकार मान्य केला नाही, ७५ टक्के रक्कम देवविली. म्हणजे उरलेल्या चौथ्या हिश्शाचा भुर्दंड मालकाने सोसला. किल्लीच्या जबाबदारीचा हिशेब इतक्या काटेकोरपणे मालकाकडून घेतला जात असेल, तर किल्लीच्या वहीची प्रत त्याच मालकास देण्यात कंपनीने काचकूच करू नये.

आणि आता स्थानकाबाहेरच्या त्या दुचाकी. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव येथून सकाळची लोकल धरून पिंपरी-चिंचवडकडे जाणारा कामगार, दुकानातील नोकर, शाळेतील शिक्षक आपली दुचाकी स्थानकाबाहेर लावतो आणि संध्याकाळी ती जागेवर असेल अशा भरवशाने गाडीत चढतो. तिच्या रक्षणास काय असते? हँडलचे कुलूप. ते एका जोरदार हिसड्याने तुटते, आणि पुढचे काम जुन्या अँबॅसडरप्रमाणे दोन तारांचे. आपल्या देशात चोरीस जाणाऱ्या वाहनांत दुचाकींचा वाटा सर्वांत मोठा आहे. मोटार गेली तर गृहस्थाचा रविवार बिघडतो व विम्याची रक्कम यथावकाश मिळते. दुचाकी गेली तर दुसऱ्या दिवसाची हजेरी बुडते. तिच्या कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात. चोरलेली दुचाकी सोनसाखळी ओढण्यास वापरली जाते, हेही पोलिसांच्या दप्तरात नित्य आढळणारे. असे असता चौथा दरवाजा ज्याच्यापाशी अधिक आहे त्याच्या दारी उभा, आणि ज्याचे सर्वस्व दोन चाकांवर आहे त्याच्या दारी नाही, ही विषमता आम्हांस बोचते.

दुचाकीस हे यंत्र बसवणे कठीण आहे, असे पूर्वी सांगितले जाई, आणि त्यात तथ्यही होते. कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या इंजिनास मुभा देणारा वा नाकारणारा संगणकच नव्हता. परंतु १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे प्रदूषणाचे नियम लागू झाले, आणि ते पाळण्यासाठी बहुतेक दुचाकींत पेट्रोल मोजून सोडणारी यंत्रणा व तिचा संगणक आला. पहारेकरी आता दारात उभा आहे. त्यास परवलीचा शब्द शिकवायचा तेवढा उरला आहे. कुलपाभोवती एक कडे आणि किल्लीत एक चिप, इतकाच मुख्य खर्च. काही महागड्या दुचाकींत व थोड्या स्कूटरांत तो केलेलाही आहे. दुचाकी उचलून टेम्पोत घालणाऱ्यास किंवा सुटे भाग विकणाऱ्यास यंत्र थांबवणार नाही, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. मोटारीलाही तो लागू आहे, आणि तरीही हॉलंडात मोटारींच्या चोऱ्या चाळीस टक्क्यांनी घटल्या.

सरकारला सक्ती करण्याचे वावडे आहे असेही नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. त्याने किमती वाढतील ही ओरड झाली आणि विरूनही गेली. एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी लावून घेण्यासाठी महाराष्ट्रातील वाहनधारकांना मुदतीमागून मुदती देण्यात आल्या आणि पट्टीचा खर्च ज्याचा त्याने केला. पट्टी वाहन चोरीस गेल्यावर शोधास उपयोगी. चिप ते जाण्याआधी अडवते. वाहनांची मानके ठरवण्याच्या कामात जिचा मोठा हात असतो ती ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून पुण्यात, कोथरूडच्या टेकडीवर आहे. तळेगाव व चाकण तेथून काही तासांच्या वाटेवरही नाहीत. नव्या दुचाकींसाठी इमोबिलायझरचे मानक तेथे मांडले जावे, केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने नव्या नमुन्यांना एक वर्षाची व चालू नमुन्यांना दोन वर्षांची मुदत देऊन ते सक्तीचे करावे, आणि पुण्याच्या खासदारांनी व मावळच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी पुढील अधिवेशनात लेखी प्रश्नाच्या रूपाने विचारावी, अशी आमची सूचना आहे. ज्या दुचाकी आज रस्त्यावर आहेत त्यांना हे यंत्र मागाहून बसवणे व्यवहार्य नाही. त्यांच्यासाठी मळवली ते तळेगाव या स्थानकांबाहेर दिवा, कुंपण आणि पावती देणारा एक पहारेकरी, एवढी व्यवस्था रेल्वेने आणि स्थानिक संस्थांनी मिळून या पावसाळ्यापूर्वी करावी.